हलव्याचे दागिने

मराठी मुलखाबाहेर वास्तव्य करणाऱ्या आपल्या माणसांना संक्रांतीच्या दिवसांत एक गंमत हटकून अनुभवास येते. दिल्लीच्या किंवा लखनौच्या शेजारणीला आपण सांगावे, की आज आमच्याकडे हलवा आहे, आणि तिने गाजराच्या नाहीतर मुगाच्या डाळीच्या, तुपाने निथळणाऱ्या हलव्याची कल्पना करीत यावे. तिच्या तळहातावर आपण ठेवतो काय, तर चिमूटभर पांढरेशुभ्र काटेरी दाणे! तिचा चेहरा पाहण्याजोगा होतो. हलवा हा शब्द मूळचा अरबी. गोड पदार्थ एवढाच त्याचा अर्थ. तो भारतभर पसरला आणि बहुतेक प्रांतांत तुपारव्याशी संसार थाटून बसला. दुध्याचा, गाजराचा हलवा आपणही करतो, नाही असे नाही. कोकणपट्टीत तर त्याच नावाचा मासाही आहे. पण तो आजचा विषय नव्हे. महिना पौषाचा असला आणि कोणी नुसते ‘हलवा’ म्हटले, की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे तिळावर साखरेचे काटे फुललेला तो दाणाच उभा राहतो. त्या दाण्याविषयी, त्याच्या दागिन्यांविषयी आणि ते करणाऱ्या हातांविषयी मी आज बोलणार आहे.

देण्यासाठीच ज्याचा जन्म, असे पदार्थ जगात थोडे. आपण लाडू करतो तो घरच्यांनी खावा म्हणून, आणि त्यातला उरलासुरला शेजारी जातो. हलव्याचे तसे नाही. तो पोटभर खाण्याचा पदार्थच नव्हे. तो दुसऱ्याच्या हातावर ठेवायचा, नाहीतर दुसऱ्याच्या अंगावर घालायचा. लग्नानंतरची पहिली संक्रांत आली, की नव्या सुनेला काळे वस्त्र नेसवायचे, पूर्वी ते चंद्रकळा असे, आणि हलव्याच्या दागिन्यांनी तिला नखशिखांत मढवायचे. भांगात बिंदी, वेणीवर फूल, कानांत कुड्या, नाकात नथ, गळ्यात चिंचपेटी, तन्मणी आणि लांब हार, दंडात वाकी, मनगटांत पाटल्या-बांगड्या, कमरेला कमरपट्टा, पायांत पैंजण. सोनाराच्या दुकानात जे जे घडते, ते ते साखरेत घडवायचे. जावयालाही हार, हातात गुच्छ, हलव्याने मढवलेला नारळ. आणि हौशी सासूबाई असल्या तर मनगटावर घड्याळसुद्धा. त्या घड्याळाला काटे शेकडो असतात, पण वेळ दाखवणारा एकही नसतो.

तान्ह्या मुलाची पहिली संक्रांत असली, की त्याचे बोरन्हाण. इवल्या डोक्यावर हलव्याचा मुकुट, हातात हलव्याची बासरी असा बाळकृष्ण पाटावर बसवायचा आणि त्याच्या डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, चुरमुरे आणि हलवा ओतायचा. भोवतालची मुले ती लूट गोळा करण्यासाठी तुटून पडतात. उत्सवमूर्ती बहुधा रडत असते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत केव्हाही हा सोहळा करता येतो.

एरवी सणासुदीला वर्ज्य असलेला काळा रंग संक्रांतीला का चालतो, याचे कारण सांगतात ते असे, की काळे वस्त्र ऊब धरून ठेवते. असेलही. मला मात्र दुसरे कारण अधिक पटते. दागिना इतका शुभ्र आहे, की काळ्यावाचून तो खुलायचा नाही. ज्या कोण्या गृहिणीने प्रथम चंद्रकळेवर हलव्याचा हार घालून पाहिला असेल, तिची नजर चित्रकाराची होती.

आता हा दाणा होतो कसा, ते सांगतो. साहित्य म्हणाल तर हसू यावे इतके थोडे: मूठभर तीळ, दोन वाट्या साखर, वाटीभर पाणी, चमचाभर दूध आणि लिंबाच्या रसाचे चार थेंब. या यादीत एक जिन्नस कधी लिहिला जात नाही, तो म्हणजे तीन-चार पहाटा.

साखर पाण्यात विरघळवून उकळायची. उकळी आली, की चमचाभर दूध घालायचे. त्यासरशी साखरेतली मळी फेसाबरोबर वर येते, ती अलगद काढून टाकायची आणि पाक फडक्यातून गाळून घ्यायचा. लिंबाचा रस पडला, की पाक भांड्यातल्या भांड्यात लवकर साखरत नाही. पण तो चार थेंबांऐवजी चमचाभर पडला, तर हलवा कायमचा चिकट राहतो. पाक एकतारी असावा. दुसरीकडे तीळ किंचित शेकून परातीत घ्यायचे. परात शेगडीवर, निखाऱ्यांवर राख पसरून आच अशी मंद करायची, की परातीत हात फिरवता आला पाहिजे. गॅसच्या शेगडीवर काम करणाऱ्यांनी खाली जाड तवा ठेवावा. मग अर्धा चमचा पाक तिळांवर शिंपडायचा आणि बोटांच्या टोकांनी ते तीळ फिरवीत राहायचे. फिरवीत राहायचे, घासायचे नाहीत, दाबायचे नाहीत. पाक सुकला, की पुन्हा अर्धा चमचा. पुन्हा फिरवणे. हे दोन-तीन तास चालते आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

पहिल्या दिवशी हाती काहीच लागत नाही असे वाटते. तीळ नुसते पांढुरके होतात, जणू त्यांच्यावर धुके बसले आहे. दुसऱ्या दिवशी ते टपोरे होतात आणि अंगावर बारीक पुळ्या दिसू लागतात. नवशिक्या माणसाचा धीर येथेच सुटतो. तो पाक वाढवतो किंवा आच वाढवतो. पाक वाढवला, की दाणे एकमेकांना मिठी मारतात आणि त्यांचे खडे होतात. आच वाढवली, की साखर पिवळी पडते. धीर धरला, तर तिसऱ्या दिवशी त्या पुळ्यांचे काटे होतात. या साऱ्या काळात परातीला चिकटलेली साखरेची भुकटी अधूनमधून पुसून काढावी लागते, नाहीतर ती काट्यांच्या फटींत बसून दाणा पुन्हा गुळगुळीत करते. दाणे सुकल्याचे बोटांना कळते, तसे कानांनाही कळते. ओल्या दाण्यांचा आवाज दबका असतो. सुकले, की ते परातीत खुळखुळू लागतात. जाणत्या बायका त्या आवाजावर पाक घालतात.

तीळ हा राजा खरा, पण साखरेचा अंगरखा घालायला इतरही तयार असतात. खसखशीचा हलवा मोत्यासारखा बारीक होतो आणि नथीला, बिंदीला शोभतो. साबुदाण्याचा गोल गरगरीत. हारात तो पदकाभोवती बसतो. खरबुजाच्या बियांचा लांबट. लवंगेचा हलवा तर पाहावा असा: देठ लांब आणि टोकाला फूल. शेंगदाण्याचा मोठा, नारळ मढवायला बरा. पाकात केशर घातले, की पिवळा. दागिने करणारी स्त्री आधी हे सारे आकार निवडून वेगवेगळ्या वाट्यांत भरते. एखाद्या जवाहिऱ्याने हिरे-माणके निवडावीत, तशी.

या काट्याचे रहस्य काय? वीस अंश सेल्सिअस तापमानाला शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळते असले, तर त्यात ४८० ग्रॅमहून अधिक साखर मावते. म्हणजे गरम पाक हा साखरेने गच्च भरलेला असतो. तो तिळावर पसरला, त्यातले पाणी उडाले, की ज्यादा साखरेला स्फटिक होऊन बसण्यावाचून गत्यंतर नसते. आता तीळ काही यंत्रावर कातलेला गोल नव्हे. त्याच्या अंगावर कोठे तरी किंचित उंचवटा असतो. फिरणाऱ्या दाण्याचा तो उंचवटा परातीला आणि तिच्यात पसरलेल्या पाकाला प्रथम भिडतो, आणि पाकाचा पहिला घास त्यालाच मिळतो. तो अधिक उंच होतो. उंच झाला म्हणून पुढच्या वेळी त्याला आणखी मिळते. ज्याच्याजवळ आहे त्यालाच अधिक, हा जगाचा न्याय साखरेच्या दाण्यावरही चालतो. जोराने घासले, तर उंचवटे मोडतात आणि सारे समान होतात. पण मग तो हलवा राहत नाही, साखरफुटाणा होतो. आणि कोरडी थंडी हवी ती पाक झटपट सुकावा म्हणून. आभाळ आले, हवा दमट झाली, की काटा बसतो. थंडीने माणसाच्या अंगावर काटा येतो आणि हलव्याच्याही. मराठी भाषेने दोन्हींना एकच शब्द दिला, हे उगाच नव्हे.

या दाण्याचा एक भाऊबंद थेट जपानात आहे, हे ऐकून आपणांस कौतुक वाटेल. त्याचे नाव कोम्पेइतो. साखर पांघरलेल्या दाण्याला पोर्तुगीज भाषेत ‘कॉन्फेइतो’ म्हणतात, त्याचेच हे जपानी रूप. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तो तिकडे नेला. १५६९ साली लुईश फ्रॉइश या पोर्तुगीज धर्मोपदेशकाने ओदा नोबुनागा या बलाढ्य सरदाराला काचेच्या बरणीत भरून हे दाणे भेट दिले, अशी नोंद आहे. आपल्या मराठी डोळ्यांना तो हलवाच वाटेल, फक्त काटे अधिक बोथट आणि रंग अनेक. तेथील कारागीर तिरप्या ठेवलेल्या, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या तापल्या कढईत थोडा थोडा पाक शिंपडीत तो करतात, आणि एक घाणा उतरायला दोन आठवडे आणि अधिकही लागतात. जपानच्या राजघराण्यात मंगलप्रसंगी पाहुण्यांना लहानशा नक्षीदार डबीतून हेच दाणे भेट मिळतात. तोराहिको तेरादा (१८७८ ते १९३५) हा तेथला नामांकित पदार्थवैज्ञानिक. त्याला या दाण्याने चांगलेच कोडे घातले होते: काटे मुळात येतातच का, आणि येतात तर अमुक इतकेच का? त्याने त्यावर लिहिले. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या परातीपुढे बसलेल्या बायकांनाही हा प्रश्न पडला असेलच. लेखणी मात्र त्यांच्या हाती नव्हती.

आता त्या बायकांविषयी.

आमच्या घरी हलवा करीत असे ती माझ्या वडिलांची आत्या. सुमारे साठ वर्षांपूर्वीची ही गोष्ट. ती वयाच्या विशीच्या आतच विधवा झाली होती आणि उरलेले सारे आयुष्य भावाच्या घरी काढीत होती. मार्गशीर्ष सरता सरता मागच्या पडवीत तिची शेगडी पेटे. आम्ही अंथरुणात असू, आणि बाहेरून परातीत दाणे खुळखुळल्याचा आवाज येई. आळीतली चार-पाच घरे आपापले तीळ आणि साखर तिच्याकडे आणून टाकीत, कारण तिच्यासारखा काटा कोणाच्या हाताला येत नसे. तिच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके उष्णतेने गुळगुळीत झाली होती. हलवा झाला, की ती दागिने करायला बसे. ती हलव्याला कधी भोक पाडीत नसे. त्याने दाणा फुटतो. दुहेरी दोऱ्याचा फास टाकून तो काट्यांच्या बेचक्यात अडकवायचा आणि गाठ आवळायची, अशी तिची रीत. फास सैल पडला तर दाणा निसटतो, अधिक आवळला तर काटा मोडतो. एका हाराला दोन दुपारी लागत.

आणि हळदीकुंकवाच्या दिवशी हे सारे दागिने तबकात ठेवून तबक बाहेर गेले, की ती आत स्वयंपाकघरात बसून राही. तिने बाहेर यायचे नाही, सुनेच्या अंगाला हात लावायचा नाही, हे कोणी कोणाला सांगतही नसे; ते ठरलेले होते. ज्या बोटांनी एकेक काटा उभा केला, त्या बोटांनी तो हार गळ्यात घालणे अशुभ! हा विचार ज्यांनी केला ते निर्दय होते असे मी म्हणत नाही. त्यांनी विचार केलाच नव्हता. दोषाचे खरे मूळ तेथेच आहे.

माझ्या धाकट्या काकूची पहिली संक्रांत होती त्या वर्षी माझ्या आईने तबक बाहेर नेण्याऐवजी आत नेले. काकूला आत्याबाईंपुढे पाटावर बसवले आणि म्हणाली, “आत्याबाई, ज्यांनी केले त्यांनीच घालावेत.” आत्याबाई काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अगं, हात चिकट आहेत माझे,” आणि उठून त्यांनी हात धुतले. पाटापर्यंत आल्या आणि परत जाऊन पुन्हा एकदा धुतले. ओसरीवर कुजबुज झाली. दोन बायका हळदीकुंकू न घेताच उठून गेल्या. काकू मात्र पुढे कित्येक वर्षे सांगत असे, की तो हार गळ्यात पडताना आत्याबाईंची बोटे तिच्या मानेला लागली, ती बर्फासारखी थंड होती.

हे मी जुने उखाळेपाखाळे काढण्यासाठी सांगत नाही. मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेने ठराव करून विधवेचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे या प्रथा आपल्या गावापुरत्या बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्यशासनाने तो कित्ता इतर ग्रामपंचायतींपुढे ठेवला. कित्येक ठिकाणी आता संक्रांतीचे हळदीकुंकू सर्व स्त्रियांसाठी होते. कित्येक ठिकाणी अजून होत नाही. आपल्या घरच्या यादीत कोण आहे आणि कोण गाळले गेले आहे, हे ज्याचे त्याने पाहावे. हलवा तर पांढराच असतो. त्याला कुंकवाचा रंग चिकटवला तो आपण.

दुसरी एक गोष्ट दागिन्यांच्या घडणीविषयी सांगायची आहे. आता पुण्याच्या तुळशीबागेत, मुंबईला दादरच्या बाजारात डिसेंबर महिन्यापासूनच हलव्याच्या दागिन्यांचे संच मांडलेले दिसतात. ते घरोघर बसून करणाऱ्या स्त्रियांचा संसार त्या दोन महिन्यांच्या कमाईने सावरतो. त्यांचे काम कमी लेखण्याचे पाप मी करणार नाही. यंत्राच्या फिरत्या कढईत केलेल्या हलव्याविषयीही माझी तक्रार नाही. जपानी कारागिराची कढईसुद्धा फिरतीच आहे. तक्रार आहे ती पुठ्ठ्यावर डकवण्याच्या चिकटद्रव्याविषयी आणि हलव्याच्या जागी हळूच येऊन बसणाऱ्या कृत्रिम मण्यांविषयी. तो दागिना दिसतो सुंदर, छायाचित्रात तर अधिकच. पण तो खाता येत नाही. आणि जो खाता येत नाही तो देताना ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ असे म्हणण्यात काय स्वारस्य उरले? सोन्याचा दागिना कुलपात जाण्यासाठी असतो. हा पोटात जाण्यासाठी. म्हणून नव्या सुनेला द्यायचा सगळा संच घरी झाला नाही तरी चालेल. बारा दाण्यांची एखादी बिंदी किंवा लहानशी अंगठी मात्र घरी दोऱ्याने गुंफावी. मुलांना सोबत घ्यावे. फास टाकायला लहान बोटे मोठ्या बोटांपेक्षा बरी पडतात.

महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या भगिनींसाठी दोन व्यवहाराच्या सूचना करतो. चेन्नईसारख्या समुद्रकाठच्या गावी पौषातही हवा दमट असते. तेथे एका बैठकीत फार पाक जिरवण्याचा हट्ट धरू नये. बैठका लहान कराव्यात आणि मधल्या वेळात दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. दिल्लीकडे थंडी भरपूर, पण धुक्याच्या पहाटे काम करू नये. ऊन वर येऊन हवा कोरडी झाली, की बसावे. आणि कोठेही असलात तरी पहिल्या खेपेस मूठभरच तीळ घ्यावेत. मूठभर तिळांचा हलवा होतो परातभर, हे तिसऱ्या दिवशी कळते.

रथसप्तमी झाली, की दागिने उतरवून ठेवू नयेत. दोरे कात्रीने कापावेत, हलवा निवडून बरणीत भरावा आणि येत्या-जात्या मुलांच्या हातावर ठेवीत जावा. काम लवकर उरकावे, कारण मुंग्यांना पंचांग पाहावे लागत नाही.